दोनशे बारा सह्या

नाही नाही, पिशवीला हात लावू नका, बाई — सरकवत होतात, मी पाहिलं. थांब्याच्या या बाकावर थर्मास ठेवायला जागा करत होतात? असेल. ती प्रकाशकाच्या कचेरीतली पोरगीसुद्धा आत्ता अशीच गोड बोलली, ‘ऑरेस्तेससाहेब, तुमची कादंबरी स्पर्धेतून बाद, परत न्या.’ बाद! न वाचता! का, तर कागदावर फक्त टोपणनाव हवं, खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात. मग मी दुसरं काय केलं होतं? टोपणनाव दिलं — ‘राखी बगळा’. पाकीट लाखेनं बंद केलं. फक्त प्रत्येक पानाखाली सही केली, चांगली वाचता येईल अशी — ऑरेस्तेस बेंतान्कुर. दोनशे बारा पानं, दोनशे बारा सह्या.

हसू नका. एकतीस वर्षं मी इथंच मोन्तेविदेओत नोटरीकडे कारकुनी केली. बिनसहीचं पान म्हणजे बेवारशी पान, कुणीही काढावं आणि दुसरं घुसडावं — उद्या माझ्या नायिकेचं भलत्याशीच लग्न लावून दिलं तर? आणि मला सांगा, पानं उलटल्याशिवाय सह्या दिसतात का? नाही दिसत! म्हणजे वाचलंय. वाचून वर कानावर हात. पोरगी म्हणते, सह्या पुसून पुढच्या वर्षी द्या — म्हणजे मधल्या वर्षात यांनी छापायला मोकळं!

घरी कुणी वाचलं? घरी कोण वाचणार, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. नेलिदा मागायची — माझी बायको. पण तिची बहीण कविता करते. नेलिदाच्या पोटात काही राहायचं नाही. म्हटलं, छापून आल्यावर वाच. अकरा वर्षं हेच म्हटलं. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात म्हणाली, ‘नुसता शेवट तरी सांग रे.’ सांगणार होतो, देवाशपथ — पण नर्स होती ना खोलीत, अनोळखी बाई. ती जाईस्तोवर थांबलो. ती बाहेर गेली तेव्हा नेलिदाचा डोळा लागला होता. मग उठलीच नाही.

काय म्हणालात? तुम्हाला ऐकायचाय? शेवट? कुणी पाठवलंय तुम्हाला? … नाही, चुकलो. तुमचे डोळे भरलेत. बरं — ऐका. जवळ या. शेवटी ती बंदरावर येते, हातात त्याची पेटी, आणि —

तो मागच्या बाकावरचा माणूस केव्हापासून बसलाय? पेपरचं पान उलटलं नाही त्यानं.

जा, बाई. तुमची बस आली.