आत चांगलं मशीन घाला

—छे हो, बंद कुठे पडलंय? कानाला लावा जरा. चालतंय ना? आत्ता मी चावी दिली म्हणून चालतंय. तुम्ही म्हणताय दिवसभर हातात असतं, तरी सकाळी बघावं तर थांबलेलं — म्हणजे मशीन ठणठणीत आहे, त्याच्या पोटात काही पडत नाहीये. ऑटोमॅटिक ना हे? हात हलला की आत एक अर्धगोल चकती फिरते, रोटर म्हणतो आम्ही, ती स्प्रिंगला पीळ देते. ती अडली की घड्याळ उपाशी. हे बघा, हलवतो — खर्र! ऐकलंत? घासतोय कुठेतरी. बसा ना, स्टुलावरची पिशवी खाली ठेवा, माझीच आहे. आणि साहेब, एक सांगू? रागावू नका — ढाकणावर जे नाव कोरलंय ना, ते घड्याळ नाहीये हे. कॉपी आहे. डायलवरच्या या तीन छोट्या तबकड्या नुसत्या शोभेच्या, त्यांचे काटे जन्मात हलायचे नाहीत... काय, वाईट नाही वाटलं? कमाल आहे! लोक अंगावर येतात हो. मागे एक वकील तर मलाच म्हणाला, तूच आतून बदललंस. तुमचा मात्र चेहरा हलला नाही. बरं, जाऊ दे.

आता मशीन कोणाचं ते बघू. रोटरवर मोठं नाव आहे, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो वरचा मुलामा. रोटर काढायचा, भिंग लावायचं आणि हे बॅलन्सचं चाक लपलप करतंय ना, त्याच्याखाली बघायचं. बनवणारा खरी खूण तिथे ठेवतो. थांबा हं... अरे वा! जपानी! साहेब, नशीबवान आहात. अशा घड्याळात इतकं चांगलं मशीन कोणी घालत नाही. म्हणजे हे नंतर कोणीतरी बसवलंय. आणि बसवलंय कसं बघा — डायलचे पाय, म्हणजे मागच्या खुंट्या, कापल्यात आणि डायल टेपने चिकटवलाय! रोटरचा स्क्रू हाताने फिरतोय! घट्ट करायलाही वेळ नव्हता गाढवाला? असल्या लोकांमुळे आमचा धंदा बदनाम होतो.

काय म्हणालात? कॉपीत एवढं चांगलं मशीन कोण घालेल? घालतात हो, घालणारे घालतात. तुम्हाला म्हणून सांगतो, एरवी माझ्या तोंडून गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर जात नाही — गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या. असंच घड्याळ, बंद पडलेलं. नवऱ्याला सांगून आल्या होत्या की कंपनीत सर्व्हिसिंगला देते. मी उघडलं, म्हटलं बाई, हे नकली. तुम्ही बसलाय ना, तिथेच बसून रडल्या. नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा हौसेनं घेऊन दिलं होतं, ओळखीतल्या कोणाकडून, परदेशातून आणलंय म्हणाला तो. पुढे नवऱ्याची नोकरी गेली. माणूस घरात नुसता बसून, दाढीसुद्धा करेना, पण मुलाखतीला निघाला की हे घड्याळ घालायचा. म्हणायचा, हे हातात असलं की खांदे आपोआप सरळ होतात. आता त्याला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाल्या. मी म्हटलं, मग करू काय? तर डोळे पुसले आणि म्हणाल्या, वरून आहे तसंच राहू दे, आत चांगलं मशीन घाला. म्हणजे पुन्हा बंद पडायला नको आणि त्यांना कोणाकडे न्यायला नको. माझ्या घरी इतकी वर्षं संसार चाललाय, पण माझ्यासाठी कोणी असं — बायकोला सांगितली ही गोष्ट, तर म्हणते, तुमचंही मशीन बदलून मिळतं का विचारा.

बघू, घासून ढाकणाच्या आतल्या बाजूला चरे किती उठलेत... आहेत, गोल गोल उठलेत... आणि हे काय, इथे कडेला कोणीतरी सुईने खूण—

हं.

ही तर माझी खूण आहे.

नाही, म्हणजे — साहेब, त्या बाई वेगळ्या हं. अगदी वेगळ्या. उंच होत्या. आणि घड्याळ चौकोनी होतं. आणि हे तुमचं, आता नीट बघतो तर अस्सलच वाटतंय, कधीकधी माझं भिंग फसवतं — हसताय काय? अहो, वहिनींना मी शब्द दिला होता! ... काय? आधीपासून? तुम्हाला माहीत होतं? मी बसवायच्याही आधी? मग बोलला का नाहीत? एवढं सांगायचं होतं की, अगं, नकली असू दे, मला आवडतं. बिचारीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. नाही, पण तुम्हाला कळलं कसं? ढाकण तर उघडलेलं नव्हतं, पहिल्यांदा मीच उघडलं. कोणी सांगितलं? ... कुठल्या दुकानात? ... जुनी घड्याळं विकत घेतात त्या?

तिथे तुम्ही कशाला गेला होतात?

...

अच्छा.

नोकरी नव्हती तेव्हा.

आणि तो दुकानदार हसला.

म्हणजे तिला सांगायचं तर हेही सांगावं लागणार. की तिनं दिलेलं तुम्ही विकायला — नाही, मी काही म्हणत नाही. मी कोण म्हणणारा? घरात तशी वेळ आली असेल. आणि परत येऊन पुन्हा हातात घातलंत, रोज घालताय. आता तर नोकरीही लागली, तरी घालताय.

थांबा, स्क्रू नीट बसवू दे. यावेळी घट्ट. ... झालं. हलवा. खरखर नाही ना? घाला हातात. नाही, खिशात नका टाकू, घाला. पैसे राहू द्या, स्क्रू मीच ढिला ठेवला होता. वहिनींनी उशीर का झाला विचारलं, तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. नाही, साहेब, मला सांगू नका. आणखी काहीसुद्धा मला सांगू नका. या आता.