शांताक्का कुठल्या गटातल्या?

हसू नका, पण माझी पीएचडी कशावर आहे माहितीये? ठामपणे 'नाही' म्हणायला शिकवण्यावर!

आजऱ्यात काजू सोलणाऱ्या बायकांचे मी दोन गट केलते. एकाला ठाम बोलायचं प्रशिक्षण द्यायचं, दुसऱ्याला मुद्दाम काहीच शिकवायचं नाही. मग दोघांत फरक बघायचा. त्या दिवशी न शिकवलेल्या गटाचे फॉर्म भरत होते, तेवढ्यात माझ्या गाईडसरांचा फोन आला. हातात पेन, म्हणून स्पीकर लावला.

"कोल्हापूरला परत येताना वीस किलो घनसाळ तांदूळ आण गं."

"हो सर."

"काजूपण बघ."

"हो सर, आणते सर."

समोर फॉर्मसाठी बसलेल्या शांताक्कांनी फोनच ओढून घेतला. "ओ सर, पोरगी एसटीनं येणार हाय. पोतं काय डोक्यावर आणंल? तांदूळ पायजे तर तुमी गाडी घिऊन या की!" आणि कट केला.

दुसऱ्या दिवशी घाबरतच सरांपुढं उभी राहिले, तर सर खूश!

"काय ठाम बोलल्या गं त्या बाई! तुझ्या प्रशिक्षणाचाच परिणाम ना?"

आता सरांना 'नाही' कसं म्हणायचं?

म्हटलं, "हो सर."