केळ तोडली की जमीन फाटते

—छे छे, मी कुठली गेम खेळतेय बाय, या वयात! नातू खेळतो माझा, अनुज. तो कॉलेजला गेलाय, संध्याकाळी येईल. तू बस आधी. पंख्याखाली बस. विरारहून भुईगावात यायचं म्हणजे दोन-तीन रिक्षा, वर ही आमची गल्ली— घर सापडलं कसं? पत्ता कोणी दिला? अनुजने? आणि काय म्हणाला, आजीच खेळते म्हणाला? हात मेल्या! माझ्या गळ्याची शपथ घेतली होती त्याने. बरं. मग आता तुझ्यापुढे काय नाटक करायचं. मीच ती. चंद्रकांता नरहरी राऊत. शाळेची पायरी चढले नाही, पण तुमच्या गेममधल्या किल्ल्याची एकेक पायरी मला पाठ आहे— अकरावीत पाय अडकतो, ते आधी लिहून घे.

किती वेळा म्हणालीस? तीनशे बारा? एवढ्या वेळा पाडला मी तुमचा गेम? आणि पडला की तुमच्याकडे आपोआप चिठ्ठी जाते? अगोबाई, म्हणजे चुगलखोरच की तो! आणि सगळ्या चिठ्ठ्या एकाच घरातून, एकाच जागेवरून— म्हणून तुम्हाला वाटलं कोणी मुद्दाम करतोय, हॅकर का काय तो. भुईगावातला हॅकर! हे ऐकून सदानंद— माझा लेक, अनुजचा बाप— जेवताना ठसका लागून पडेल. हसू नको, तूही हसतेस... काय? माझं नाव काढून टाकायचं चाललंय? मी पडले की माझ्या सोबतचंही बाहेर फेकलं जातं, म्हणून? ते ठाऊक आहे मला. नाही बाय, ते नका करू. बाकी काय वाटेल ते करा. तलवार काढून घ्या, घोडा घ्या, पण नाव नका काढू. तू काय नाव म्हणालीस तुझं— ऋतिका ना? ऋतिका, आधी माझं ऐकून घे. चांगलं काय, वाईट काय, सगळं सांगते, मग ठरव.

अनुज मला म्हणाला होता, आजी, हा अर्ली ॲक्सेस आहे, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच खेळायला दिलाय. मी म्हटलं, म्हणजे घरावर कौलं नाहीत आणि वास्तुशांतीची पंगत बसवली. तो म्हणाला, अगदी तसंच, आणि पंगतीतल्यांनी सांगायचं कुठली भिंत वाकडी आहे. मग मी सांगते. गेल्या दिवाळीत न्हाणीत पडून माझं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरने रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाला. चेंडू दाबून काय होतं? कंटाळा. अनुजने हे रिमोटसारखं हातात दिलं, म्हणाला, दाबायचंच आहे ना, हे दाब. चांगलं काय म्हणशील तर तुमच्या तलवारीला वजन आहे. अनुजचे दुसरे गेम मी पाहिलेत, त्यांत तलवार म्हणजे नुसती उदबत्ती ओवाळल्यासारखी. तुमची रुतते. कोयता बुंध्यात रुतला की कसा मनगटाला कळतो, तसं ते हातातलं थरथरतं. आणि तो खाडीतला खेकड्या राक्षस! मारायच्या आधी उजवा खांदा पाडतो. खांदा पडला की आपण डावीकडे लोळायचं. चौदा दिवस मेले मी त्याच्या हातून, रोज पाच-पाच वेळा, पण एकदाही वाटलं नाही की त्याने लबाडी केली. घाई माझीच. मेल्यावर राग स्वतःचा यावा असा राक्षस— कोणी बनवला तो? तू? तू एकटीने? थांब, जाताना मीठ-मिरची उतरवून टाकते तुझ्यावरून. आणि सगळं चित्रातून कळतं हे फार बरं केलंत. तहान लागली की माणूस ओठ चाटतो, दम संपला की वाकतो. मला अक्षर ओळखावं लागत नाही.

आता वाईट. रागावायचं नाही. ही सुकेळी घे, घरच्या केळ्यांची आहे, उन्हात वाळवलेली— घे ग, लाजतेस काय. तर दम. दम फार लवकर संपवता तुम्ही. दोन कोलांट्या मारल्या की तो धिप्पाड गडी गुडघ्यावर हात ठेवून उभा. मी या वयात वाडीला पाणी घालते, माझा दम त्याच्याहून बरा आहे! पिशवी एवढीशी, चार नारळ घेतले की भरली. ती लोहाराची बायको, तिला दोनच वाक्यं दिलीयत— ‘वारा फिरलाय’ आणि ‘जपून जा’. अगो, तिचा नवरा मेला, तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम भेटायला गेले, तरी म्हणते वारा फिरलाय! बोलायला सुचत नसेल तर बाई गप्प दाखवा, शोभेल तिला. घोडा भिंतीत शिरतो, शेपूट तेवढी बाहेर राहते. उत्तरेचा पूल उतरलं की फळी आडवी, काम चालू आहे म्हणून— अनुजने वाचून सांगितलं— सात महिने तीच फळी. आमच्या गल्लीतलं गटारसुद्धा तेवढ्यात झालं. आणि शिमग्याला तुम्ही ते अपडेट आणलंत आणि लोकांचं केलेलं सगळं पुसलंत. माझी सोळा केळी, आळं बांधलेली पानवेल, सगळं साफ. दोन दिवस गिळलं नाही मला. मग परत लावली.

हो, त्यावरच येतेय. केळीवरच. तुमच्या गेममध्ये घड उतरवला की आठ दिवसांत त्याच केळीला दुसरा घड. हे तुम्हाला कोणी सांगितलं? केळ आहे की नळ? केळ एकदाच विते, बाय. घड उतरवला की तिला बुंध्यातून तोडायची, शेजारच्या पिलांना जागा द्यायची. वाडीत राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, हातच जातो. तसा माझा गेला. घड काढला, तलवार उपसली, घातली बुंध्यात— तर जमीन फाटली! मी, घोडा, कोंबड्या, सगळी वरात खाली, निळ्या पोकळीत, आणि पडदा काळा. परत आले तर केळ तशीच उभी. परत तोडली. परत खाली. मला वाटलं, हीच तुमची युक्ती असेल, कितव्यांदा तरी नीट पडेल. नाही पडली. तरी तोडतेच. घड उतरवलेली केळ उभी ठेवायची कशी? नजरेला बोचते. काय म्हणतेस, दुसऱ्या कोणीच नाही तोडली? एवढ्या हजारो माणसांत एकानेही नाही? बरोबर आहे म्हणा, फुकट घड मिळतोय तर कोण तोडेल. आणि तुम्ही त्यावर तोडगा काय काढला— केळ तोडताच येणार नाही अशी करायची! वा ग वा. म्हणजे लोखंडाची केळ.

सोबतचे? सोबतचे कोण असणार, एकटीच तर असते ती, लाल पागोट्याची. तीच पडते माझ्याबरोबर. नाही ग, ती तक्रार नाही करणार. तीनशे बारा वेळा पडली, तीनशे बारा वेळा परत आली. पाच मिनिटांत येते. येतेच. कोण म्हणजे— आहे कोणीतरी. पुण्याची. एका कंपनीत आहे, घरूनच काम करते, दुपारी जेवायच्या सुट्टीत अर्धा तास येते... नात आहे माझी.

जागृती. सदानंदची थोरली, अनुजची बहीण. हा कॉम्प्युटरसुद्धा तिचाच, एकेक भाग आणून स्वतः जोडलेला. दीड वर्ष झालं, या घरात पाऊल नाही. अनुजशी बोलते, बापाशी कामापुरतं बोलते, माझं नाव निघालं की फोन ठेवते. अनुजने एकदा पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, आजी, ही ताई. तेव्हापासून मी दीडच्या आधी येऊन बसते. माझा आवाज जाऊ नये म्हणून अनुजने माइकची वायर काढून ठेवलीय. बोलायचं काय? एक बटण दाबलं की नमस्कार, एक दाबलं की बसकण, एक दाबलं की नाच. ती पुढून मारते, मी मागून. पोरगी पहिल्यापासून घायकुती, जखमेवर औषध न लावता पळते, मग मी माझी औषधाची कुपी तिच्यापुढे टाकते— लहानपणी पेजेची वाटी घेऊन मागे धावायचे तशी. तिला पत्ता नाही मी कोण ते. कळलं तर यायची बंद होईल. म्हणून म्हणते, माझं नाव काढू नका. दुसरीकडे कुठे भेटणार ती मला?

भांडण कशाचं म्हणजे— जाऊ दे. येताना डाव्या हाताला लग्नाचं लॉन पाहिलंस ना, हिरवी चटई घातलेलं? तिथे आमचं बावखल होतं. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं, त्यावर विहिरी जगतात. जागृती त्यात पोहायला शिकली. सदानंदने बुजवायचं काढलं, कागदावर माझा अंगठा लागत होता. दिला. गाव म्हणालं, अडाणी म्हातारी, लेकाने फसवली. आमच्या शेजारची फेलिशिया तर सदानंदला अजून ‘काय वकीलसाहेब, आज कोणाचा अंगठा?’ म्हणून टोमणे मारते. मी म्हणू दिलं सगळ्यांना... पण फसवलं नाही ग त्याने. अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं, दोनदा. मला कळलं होतं. मला कंटाळा आला होता. चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात त्या बावखलातला गाळ काढला, टोपल्या डोक्यावरून वाहिल्या. अनुजचे आजोबा गेल्यावर तर एकटीनेच. वाटलं, बुजू दे, सुटले मी. मग जागृती आली, समोर बसली, म्हणाली, आजी, कशावर अंगठा देतेयस ते तुला कळलं होतं ना? आणि मी म्हटलं, मला कुठे वाचता येतं, पोरी. त्याच संध्याकाळी तिने बॅग भरली. तो राग बावखलाचा नव्हता, एवढं कळतं मला— हे मी तुला का सांगत बसले? सदानंदलासुद्धा सांगितलं नाही कधी. तू खा. दुसरी घे.

दीड वाजला? सरक, सरक. तू ह्या चाकाच्या खुर्चीत बस, तुला नीट दिसेल, मी उभी राहते. हे बघ, मी माझ्या वाडीत. आणि ती बघ, लाल पागोटं! आली. चालणं बघ कसं, सरळ चालेल तर शपथ. नमस्कार केला तिने, मी पण करते. आता हा घड उतरवते. आता तोडते, नीट बघ हं, डोळा लवायच्या आत जमीन— काय? थांबू? कुठे बघू? त्या कोपऱ्यात? ती बारीक अक्षरं? ती येतात रोज. मला वाटायचं जाहिरात असेल... ती लिहिते? जागृती? मला? मागचंही दिसतं? मग वर सरकव. अगदी वर. वाच. मोठ्याने वाच.

‘कोण आहेस?’ बरं. ‘बोलत का नाहीस, फॉरेनचा आहेस का?’ फॉरेनचा! ऐक हे! ‘केळ तोडू नकोस ना यार, गेम पडतो.’ ‘परत तोडलीस.’ हा हा, तोडणारच. पुढे? ‘घड काढल्यावर तोडायची असते हे तुला कोणी शिकवलं?’ मग? वाच ना, थांबलीस का?

‘आजी.’

नुसतं आजी? कधीचं आहे ते? गुढीपाडव्याचं? पाडव्याला... आणि त्याच्यापुढे? रोज एकच ओळ? काय ओळ आहे?

‘आजी, जेवलीस?’

रोज. आज पण? आत्ता आलंय ते?

तुला लिहिता येतं ना त्यात? लिही. लिही— जेवले. नको, पूस. तिला खोटं नको. लिही, नाही जेवले. विरारहून एक मुलगी आलीय, तिला गेमचं चांगलं-वाईट सांगत बसले, भात निवून गेला. आणि खाली लिही... लिही, मला कळलं होतं. एवढंच. काय कळलं होतं ते नको, तिला समजेल. लिहिलंस? मग पाठव. पाठव ग.

गेलं?

काही येत नाही ना? नाही येणार इतक्यात. ती अशीच आहे, माझ्यावरच गेलीय. काय म्हणालीस, माझं नाव नाही काढणार? नका काढू, आणि तुझ्या ऑफिसातल्या पोरांना सांग जमीन नीट करा, केळीला हात लावू नका. मीच येते एक दिवस विरारला, मनवेलपाड्याच्या तुमच्या ऑफिसात, वाफा कसा काढतात ते दाखवते... अगो, बघ. बघ तिकडे. बसकण मारली तिने. माझ्या केळीपाशी बसली.

ऊठ आता तू. ऊठ ग, माझी खुर्ची सोड. सुकेळी पिशवीत घालून घे. आणि जाताना दार ओढून घे, मांजर आत शिरतं.