तिंगहायची पहिली बायको

(चीन. बंडखोरांची राजधानी नानजिंग सरकारी फौजेच्या हाती पडली, त्याच्या पुढचा वसंत. वूचांगजवळच्या खेड्यात टोफू करणाऱ्या तिंगहायचं घर. घरात त्याची बायको वानच्यू. दारातून नुकतीच आत आलेली सूयुन.)

वानच्यू: म्हणजे तुम्हीच त्या. बसा. ते बाजारात गेलेत, दिवेलागणीच्या आत येतील. तुम्ही गेलात असंच सगळे धरून चालले होते.

सूयुन: त्यात त्याची चूक नाही. माझ्या छावणीतल्या निम्म्या बायका तापानं गेल्या.

वानच्यू: ते फारसं बोलत नाहीत. लांबकेशे बंडखोर आले, सगळ्या गावाला होड्यांत भरून नानजिंगला नेलं, तिथं बायका एकीकडे नि पुरुष एकीकडे, एवढंच म्हणाले.

सूयुन: एकत्र सापडलेल्या नवराबायकोची मुंडकी उडवायचे. स्वर्गाचं राज्य पुरतं येऊ दे, मग संसार करा, म्हणायचे. प्रार्थनेच्या दिवशी तेवढी फाटकाशी यायची मुभा. तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, मी अलीकडून. जेवलीस का, पोर कशी आहे, सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

वानच्यू: मग त्यांच्याबरोबर पळाला का नाहीत?

सूयुन: ठरलं होतं. आम्हाला भात कापायला वेशीबाहेर न्यायचे. लव्हाळ्यात थांबतो, असा त्यानं एका म्हातारीकरवी निरोप धाडला. नेमका त्या सकाळी पोरीला, शाओमानला, ताप भरला. मी म्हातारीला म्हटलं, त्याला सांग, तू जा. तो गेला की थांबला, ते कळलं नाही.

वानच्यू: थांबले होते. गस्तीवाले अंगावर आले तेव्हा नदीत उडी टाकली. खांद्यावर भाल्याचा व्रण आहे.

सूयुन: असं होय.

वानच्यू: ताई, शाओमान कुठंय?

सूयुन: सरकारी फौजेच्या वेढ्यात गेली. शहरात धान्य उरलं नव्हतं. गवत खा, ते देवानं पाठवलेलं अन्न आहे, असा लांबकेशांच्या राजाचा हुकूम आला. आम्ही खाल्लं. माझ्या पोटात राहिलं, तिच्या नाही राहिलं. दक्षिण वेशीजवळ तुतीखाली मीच पुरली.

वानच्यू: ते बाजारात त्या वयाच्या प्रत्येक पोरीच्या तोंडाकडे बघतात. त्यापायी मारही खाल्लाय. आई गेली असली तरी पोरीला कुणीतरी नेलीच असेल, म्हणतात.

सूयुन: वाटेत गाववाला भेटला, त्यानंही हेच सांगितलं. म्हणून आले. मला इथलं काही नको.

वानच्यू: नका सांगू त्यांना. चांगल्या घरी दिली, दूर असते, असं म्हणा.

सूयुन: मग मरेस्तोवर ते घर शोधत फिरेल. तू ओळखतेस ना त्याला?

वानच्यू: ओळखते.

सूयुन: सांगते आणि उठते. नदीपलीकडे माझा चुलतभाऊ आहे. तुझा संसार आहे, पोटी लेकरू आहे.

वानच्यू: माझा पहिला नवरा सरकारी फौजेनं मारला. बादशहाच्या हुकमानं डोकं पुढून भादरायचं, ते आजारपणात राहून गेलं होतं. लांबकेशाच आहे म्हणाले. तेव्हा मला ठेवून घ्यायला चुलतभाऊसुद्धा तयार नव्हता. तुमचा तरी तयार आहे का?

सूयुन: विचारलेलं नाही.

वानच्यू: मग ते उद्या बघू. एक मात्र ऐका, त्यांना उपाशीपोटी काही सांगू नका. आधी दोघं जेवा. मी मूठभर तांदूळ जास्त टाकते.