सोंडे लागलेली ज्वारी

परवा साखरखेर्ड्यात आम्ही मित्र चहा पिता पिता बसलो असताना गजाननने मोबाइलवरचं वाचून दाखवलं. "आयका बे, शाकाहारी माणसानं किडे खाल्ले तर चालते म्हणे!"

सगळे हसले. मी म्हणालो, "आमच्या दादानं तर खाल्ले."

माझा मोठा भाऊ अंड्यालाही हात लावायचा नाही. ज्वारीला सोंडे लागले की तो ती चादरीवर उन्हात पसरायचा आणि शेवटचा किडा चालत निघून जाईपर्यंत शेजारी बसून राहायचा. एकदा ते काम त्याने मला सांगितलं. मला कंटाळा आला. मी ज्वारी तशीच किड्यांसकट चक्कीवर दळून आणली.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "भाकर लय गोड लागून राह्यली बे आज. ज्वारी पसरवली होती ना बरोबर?"

"हाव. एकूणएक गेले चालत."

त्याने खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि तिसरी भाकर घेतली.

"मग त्याले सांगतलं कधी?" गजाननने हसत विचारलं.

पीठ संपलं की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. तो मारायला धावला असता, मी पळालो असतो, आई मधे पडली असती. पण पीठ संपायच्या आधीच मोटारसायकलच्या अपघातात दादा गेला.

सांगितलं असतं तर ती गंमत झाली असती. आता मी त्याच्याशी खोटं बोललो, एवढंच उरलं.