आमच्या पोळेचा अख्खा फोटो

सन्माननीय अध्यक्ष बळवंतराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती निरुपमाताई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेवर धरून बसलेल्या, एकाच गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माझ्या घडियाळी पोळेतल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार!

निरुपमाताई उद्या मुलाकडे बंगळूरला चालल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणूस विश्रांती घेतो. ताईंनी काय केलं? घरोघरी जाऊन लोकांना ट्रंका उघडायला लावल्या. का, तर पोळेचे जुने फोटो गोळा करायचे. "पोळेचा इतिहास तुमच्या कपड्यांखाली कुजतोय रे हिंमत," असं त्यांनी मला माझ्याच ओट्यावर सुनावलं. मी पडलो मंडळाचा सेक्रेटरी. पहिली ट्रंक माझीच उघडली.

त्यांना मुख्य हवा होता तो चौसष्टच्या गणपतीतला ग्रुप फोटो. सगळी पोळ त्यात आहे, बायकासुद्धा, आणि घरटी एक प्रत घेतलेली. मग अडचण कसली? अडचण आपल्या रीतीची. त्या काळी एकट्याचा फोटो कोण काढून घेणार? माणूस गेलं की घरचे ग्रुप फोटोतून तेवढा चेहरा कात्रीने कापत आणि एन्लार्ज करायला देत. चेहरा हार घालून भिंतीवर, आणि भोक पडलेला फोटो ट्रंकेत. भास्करराव हसताहेत, म्हणजे त्यांच्याही ट्रंकेत आहे.

ताई दारात गेल्या की एकच उत्तर, "फाटलेला आहे हो, काय दाखवायचा!" पण ताईंच्या लक्षात आलं, की प्रत्येक घराने आपलंच माणूस कापलंय, शेजाऱ्याच्या प्रतीत ते शाबूत बसलंय. मग याच हॉलमध्ये सतरंजीवर सगळ्या प्रती मांडल्या. काय गंमत सांगू! श्रीपतरावांना त्यांचे आजोबा आमच्या प्रतीत सापडले, तेही डुलकी घेताना. सयाजीगंजातल्या फोटोवाल्याने एकेक भोक भरत आणलं.

एकच भोक राहिलं. ते माझ्या आईचं, कौशल्याचं.

मी सव्वा वर्षाचा असताना आई गेली. तिचा कापलेला चेहरा स्टुडिओत दिला, तो तिथेच गहाळ झाला. आमच्या प्रतीत तिच्या मांडीवर मी आहे, वर चौकोनी भोक, आणि माझा वर गेलेला हात मनगटाशी कापलेला. इतर प्रतींत बघावं, तर आईला खेटून बसलेल्या चिमणाबाई. त्यांच्या घरच्यांनी कात्री सढळ हाताने चालवली, त्यात आई निम्मी गेली. आई बसलेली अगदी कडेला; बाकीच्या प्रतींत नेमकी तीच कड कुठे वाळवीने खाल्लेली, कुठे ओलीने गेलेली. मी म्हटलं, "राहू द्या ताई, पोळ तर पूर्ण झाली."

त्या भडकल्याच. "तुझी आई नाही आणि पोळ पूर्ण?"

आणि भर उन्हात रिक्षा करून कारेलीबागेत जशोदाबेनकडे गेल्या. हे कुटुंब पूर्वी आमच्या समोर राहायचं. त्यांची प्रत अख्खी! जशोदाबेन म्हणाल्या, "अमे तो ए दिवसे डाकोर गयेला. एमां अमारुं कोई छे ज नहीं, तो कापे कोण?" घरचे सगळे त्या दिवशी डाकोरला देवदर्शनाला गेलेले, म्हणून ज्यांचं त्या फोटोत कुणीच नव्हतं, त्यांनी आपला फोटो इतकी वर्षं कपाटात जपला. बोला, याला काय म्हणायचं?

ताईंनी तो माझ्या हातात दिला. मंडळी, वयाच्या छप्पनाव्या वर्षी मी माझी आई पहिल्यांदा पाहिली. सगळे ताठ बसलेत आणि ही हसतेय, कारण मी तिची नथ ओढतोय. बावीस वर्षांची आहे. माझ्या मुलीहून लहान. आधी मी रडलो. मग तिला "जेवलीस का गं, पोरी?" असं विचारावंसं वाटलं.

ताई, या शालीने तुमचे उपकार फिटायचे नाहीत. जशोदाबेन, तमारो पण आभार. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघायचं टाळलं, त्यांचाही ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं-माकलं असेल तर सांभाळून घ्या. आजवर मी म्हणत आलो, की आईविना वाढलेल्या पोराला चार माणसांत बोलायची रीत कोण शिकवणार? आता ती सबबही ताईंनी ठेवली नाही. नमस्कार.