मऊ पितळ

(मोरोक्को. फेज शहरातलं एक स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत मुलाकडची मंडळी चहासाठी खोळंबलीत.)

गिझलान : ताट उपडं का धरलंय, बा? दाखवा इकडे.

हम्मादी : काही नाही गं. साखर सांडलीय जरा.

गिझलान : बा!

हम्मादी : हळू बोल, तुझ्या होणाऱ्या सासूबाई, लल्ला झहूर, ऐकतील. हे बघ. तीन खड्डे, आणि प्रत्येकाभोवती चिरांची कडी.

गिझलान : चहाच्या साखरेचा तो दगडासारखा सुळका फोडायला माझंच ताट सापडलं?

हम्मादी : लल्ला झहूर म्हणाल्या, यंत्राच्या पात्यांना मुलामा चढवणं हे काय मुलीचं काम? लग्नानंतर सोडू दे. माझं डोकंच फिरलं! म्हटलं, या ताटावरही तोच मुलामा आहे, माझ्या पोरीच्या हातचा, घ्या हातोडी, फोडा यावर साखर. एक खूण जरी उठली तरी पोर सोडेल नोकरी. तीन घाव बसले, आणि साखरेखालचं कुणी बघायच्या आत मी ताट उचलून इकडे आणलं.

गिझलान : माझी नोकरी तुम्ही पैजेला लावलीत?

हम्मादी : तूच म्हणायचीस ना, खिळ्यानं घासा, काही होत नाही?

गिझलान : घासा म्हटलं होतं, ठोका नव्हे! मुलामा केसाहून पातळ असतो. कडक असतो, पण त्याला वाकता येत नाही. खालचं पितळ दबलं की तो तडकणारच. कणकेवर काच ठेवून ठोसा मारा, काय होईल? पण तुम्ही तर हे पितळ ठोकून ठोकून टणक केलं होतंत. मग दबलं कसं?

हम्मादी : यंदा साखरच फार कडक येतेय.

गिझलान : मुलाम्याला माझ्याकडे द्यायच्या आधी परत तापवलंत ना?

हम्मादी : थोडंसंच. कडेनं वेल कोरायची होती. टणक पितळावर छिन्नी घसरते गं. आम्हा तांबटांत आधी तापवून मऊ करायचं, मग कोरायचं.

गिझलान : दहादा बजावलं होतं, तापवू नका म्हणून!

हम्मादी : तुझ्या साखरपुड्याचं ताट, आणि कोरं ठेवू?

लल्ला झहूर : (दारातून) आत काय कुजबुज चाललीय, उस्ताद? चहा निवला. ताट कुठंय?

हम्मादी : हे घ्या, लल्ला. चिरा पडल्यात. पण पोरीचा मुलामा चोख आहे, माझं पितळ मऊ निघालं. ती नको म्हणाली तेच मी केलं. लाज वाटते मला. काम कुणी सोडायचंच असेल, तर मी सोडतो.

लल्ला झहूर : तांबटांच्या चौकात सांगाल हे? सगळ्यांसमोर?

हम्मादी : ...सांगेन.

लल्ला झहूर : आमच्या घरात आजवर एकाही पुरुषानं चूक कबूल केलेली मी पाहिली नाही. गिझलान, सोमवारी तू आपली कामावर जा. आणि ते ताट आणा बाहेर, अर्धा सुळका फोडायचा राहिलाय.